दहा वर्षांच्या आत काही नाही

एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, विशेष न्यायालयात मी आरोपींच्या बाजूने उभा राहतो. दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं. त्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा पोरगा म्हणाला, "साहेब, मला हे सोडायचंय. कुठे भरती करता आलं तर बघा." त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी वय सांगितलं, पहिलाच गुन्हा असल्याचं सांगितलं. दहा वर्षांच्या खाली मागायची सोयच नव्हती.

पोरगा स्वतः ब्राऊन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, ओढणारा. रोजच्या पुडीच्या बदल्यात दुसऱ्याची पिशवी पोचवायचा. पिशवीत २६८ ग्रॅम पावडर सापडली. सीए रिपोर्टप्रमाणे, म्हणजे रासायनिक तपासणीच्या अहवालाप्रमाणे, त्यात हेरॉइन १२ टक्के, म्हणजे जेमतेम ३२ ग्रॅम. हेरॉइन २५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यावसायिक मात्रा धरतात, आणि तिथे किमान दहा वर्षं सक्तमजुरी, वर किमान एक लाख दंड. २००८ च्या निकालाप्रमाणे शुद्ध अमली पदार्थाचंच वजन धरलं असतं, तर हा खटला अल्प आणि व्यावसायिक यांच्या मधल्या मात्रेत बसला असता. तिथे किमान शिक्षा नाही. न्यायाधीशांना दोन वर्षंही देता आली असती. २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वजन भेसळीसकट धरायचं ठरवलं. त्यामागचा विचार मला कळतो. रस्त्यावर विकला जातो तो भेसळीचाच माल. पण म्हणून पुरवठादार आणि हा हमाल एकाच तराजूत?

झडतीवर मी आधीच भांडून झालो होतो. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागायचा हक्क देणारं कलम ५० फक्त अंगझडतीला लागू, माल मिळाला पिशवीत. मुद्दा तिथेच संपला.

दुपारी बाररूममध्ये सरकारी वकिलांशी वाद झाला. माणूस सच्चा आहे. म्हणाले, "व्यसनी म्हणून सूट द्यायला लागलो तर उद्या प्रत्येक आरोपी व्यसनीच निघेल. उद्ध्वस्त झालेली घरं मीही पाहिलीत." खरं आहे ते. पण व्यसनी खरा की खोटा हे तपासायलाच तर न्यायाधीश बसलेत ना? उपचारांची वाट दाखवणारी कलम ३९ आणि ६४अ कायद्यात आहेत, तीही सेवन आणि अल्प मात्रेपुरतीच. मी २०११ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल काढला. याच कायद्यातली सक्तीची फाशी न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली, कारण ती न्यायाधीशाला माणूस बघूच देत नव्हती. ते म्हणाले, "फाशी वेगळी, दहा वर्षं वेगळी." चोविशीतल्या पोराची दहा वर्षं म्हणजे काय, हे त्यांनीही त्याच्या आईकडे बघून मोजलं असावं; पुढे बोलले नाहीत.

अटकेपासून तो आतच होता, कलम ३७ मुळे जामीन मिळालाच नाही. ते दिवस शिक्षेतून वजा होतील. चांगल्या वागणुकीची सूट मात्र कलम ३२अ ने बंद केलीय. आई बाहेर विचारत होती, दंड हप्त्याने भरता येईल का. दंड न भरल्यास आणखी कैद आहे, हे मला तिला सांगावं लागलं.

अपिलात दया मागून उपयोग नाही, तिथेही किमान तेच. म्हणून पहिला मुद्दा घेतला तो तपासणीला पाठवलेल्या पावडरीच्या नमुन्यांचा: कलम ५२अ प्रमाणे ते दंडाधिकाऱ्यांसमोर काढायला हवे होते, पोलिसांनी जागेवरच काढले. सगळी मदार आता त्यावर आहे.