मागाच्या खोलीत सबवूफर

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरात एका खोलीला अजून 'मागाची खोली' म्हणतात. हातमाग आजोबांबरोबर गेला, खड्डा बुजवून फरशी घातली, नाव तेवढं राहिलं. तिथं बाबांचा जपानी स्टिरिओ रिसीव्हर आहे, काकांनी मस्कतहून आणलेला. आवाज गोड, पण स्पीकर लहान. तबल्याची चाट खणखणीत यायची आणि डग्गा मात्र पलीकडच्या गल्लीत वाजतोय असं वाटायचं. म्हणून गेल्या पावसाळ्यात एक सेकंडहँड सबवूफर, म्हणजे फक्त खालचे जाड सूर वाजवणारा स्पीकर, घेतला. दहा इंची, आतच स्वतःचा अँप्लिफायर असलेला.

रिसीव्हर भिंतीकडून फिरवला, धूळ पुसली आणि मागचं सगळं वाचून काढलं. फोनो, ऑक्स, टेप इन, टेप आउट, स्पीकर ए, स्पीकर बी, अर्थचा स्क्रू. सबवूफरसाठी भोक कुठंच नाही. काही जुन्या मॉडेलना 'प्री आउट' तरी असतं, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणानंतरचा सिग्नल बाहेर देणारं भोक, तिथून काम सोपं होतं. आमच्या नशिबी तेही नव्हतं. खडेबाजारात एका दुकानात विचारलं तर उत्तर तयार होतं, "अण्णा, ते मोडीत घाला, होम थिएटर घ्या." मी कॉफी पिऊन परत आलो.

पहिला उद्योग टेप आउटचा. तिथून साधी आरसीए वायर काढून सबला दिली आणि काय सांगू, डग्गा घुमला! दहा मिनिटं मी खूश. मग रात्र झाली म्हणून व्हॉल्यूम कमी केला. स्पीकर हळू झाले, सब होता तसाच. आई आतून ओरडली, "काय घुमूलालंय रे हे भिंतीतनं?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. टेप आउट कॅसेट भरून घ्यायला असतं. भरताना कुणी आवाज कमी-जास्त केला तरी कॅसेटवर फरक पडू नये म्हणून तो सिग्नल व्हॉल्यूमच्या बटणाआधीच बाहेर काढलेला असतो. म्हणजे दर वेळी उठून सबचं बटण पिळायचं. नको.

सबच्या मागे लाल-काळ्या क्लिपाही होत्या, वर 'हाय लेव्हल' लिहिलेलं. स्पीकरला जाणारी वायरच तिथं द्यायची. सब त्यातून नावापुरताच करंट घेतो, त्यामुळे रिसीव्हरवर बोजा पडत नाही, आणि व्हॉल्यूमबरोबर तोही वर-खाली होतो. स्पीकर बी रिकामंच होतं, तिथून वायर ओढली आणि 'ए अधिक बी' बटण दाबलं. सब वाजला आणि दोन्ही स्पीकर जवळजवळ मुके झाले.

इथं माझी संध्याकाळ गेली. वायर बदलल्या, क्लिपा घासल्या, बाबांच्या रिसीव्हरला आपण मारलं या भीतीनं घाम फुटला. शेवटी उमगलं की काही जुन्या रिसीव्हरमध्ये 'ए अधिक बी' दाबलं की दोन्ही जोड्या सिरीजमध्ये जातात, एकामागे एक, जुन्या दिव्यांच्या माळेसारख्या. सबचा इनपुट करंट जाऊच देत नाही, मग त्याच वाटेवरच्या स्पीकरला काय मिळणार? उपाय अगदी साधा निघाला. बी सोडून दिलं आणि सबची वायर ए च्याच क्लिपांत, स्पीकरच्या वायरीबरोबर पिळून बसवली. लाल लालला, काळी काळीला, प्लग भिंतीतून काढूनच. तांब्याची एक केसाएवढी तार शेजारच्या क्लिपकडे वळलेली दिसली, ती चिमट्यानं आत घेतली. ती टेकली असती तर मोडीवाल्याचंच खरं झालं असतं.

मग गुणगुण. गाणं थांबलं की बारीक 'हूं' चालूच. आधी वाटलं वडगावच्या बाजूचे यंत्रमाग असतील, आम्हाला तो आवाज जन्मापासून सवयीचा. पण रविवारीही थांबेना. टीव्हीचा आवाज घ्यायला केबलच्या डब्यातून एक वायर ऑक्समध्ये गेली होती; ती उपटली आणि खोली गप्प झाली. दोन वाटांनी अर्थ मिळत होता, त्याचं ते गाणं. तीन पिनी प्लगची अर्थ पिन तोडा म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नये.

जागा शोधायला सब माझ्या खुर्चीत ठेवला आणि मी फरशीवर रांगत कुठं डग्गा स्वच्छ ऐकू येतो ते बघत फिरलो. आई दारात उभी राहून हसत होती. कोपऱ्यात नुसता गोंगाट. कपाटाशेजारी, जिथं पूर्वी विणकर बसायचा साधारण तिथं, जमलं. क्रॉसओव्हर, म्हणजे सबनं कुठल्या सुराखालचं वाजवायचं ती हद्द, ८० हर्ट्झवर सुरू करून ९० च्या आसपास ठेवला. सबचा ठोका स्पीकरच्या ठोक्याशी जुळवणारं फेजचं बटण १८० वर नेलं तर डग्गा पोकळ झाला, परत शून्यावर आणलं.

कसोटीला कुमार गंधर्वांची कॅसेट. ते आमच्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, १९२४ चा जन्म, त्यामुळे घरात त्यांच्यावर हक्क सांगितला जातो. तंबोऱ्याचा खर्ज भरेल असं वाटलं होतं. पेटीच्या काळी एकच्या स्वराला खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे सबच्याच हद्दीत. पण खरं सांगतो, तंबोऱ्यात फरक थोडाच पडला. त्याची सारी गंमत वरच्या झंकारात. डग्गा मात्र घरी आला. मींड घेताना तळव्याचा दाब ऐकू येत होता.

आणि एका ठराविक मात्रेला कपाटातलं स्टीलचं ताट खडखडलं. दोन वेळा झालं तसं आई उठली, 'तरुण भारत'ची घडी केली, ताटाखाली सरकवली आणि म्हणाली, "आता पहिल्यापासनं लाव."