अडीचशे व्होल्ट

मानेवाड्याकडे एका घरावर सोलर बसवलं, ते काम डोक्यातून जात नाही. मे महिना, दुपारचा एक. ५४० वॉटची सहा पॅनेल, एकाच सिरीजमध्ये. चालू करण्याआधी मीटर लावला तर २५० व्होल्ट.

कागदावर एका पॅनेलचे साडेएकोणपन्नास, म्हणजे सहांचे २९७. पण तो आकडा २५ अंशांचा. नागपूरच्या मेमध्ये सेल ६५ अंशांपर्यंत तापतात आणि व्होल्टेज पडतं. इंजिनियर साहेबांनी निकाल देऊन टाकला, "उन्हानं आहे. चालू करा."

मागून हेल्पर म्हणाला, "सर, उन्हानं इतकं नाही पडत जी. कालच्या साइटवर याच टायमाला २६५ होते ना."

पोरगा उत्तर नागपुरातल्या वस्तीतला, नववीनंतर शाळा सुटलेली. २८ किलोचं एकेक पॅनेल जिन्यानं गच्चीवर चढवायचं, एवढंच त्याचं काम. कालचं रीडिंग त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं बघून ठेवलं होतं.

मी मीटर त्याच्या हातात दिला. त्यानं आधी डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलकडून येणारी वीज तोडायचा स्विच, बंद केला, मगच कनेक्टर सोडवले. ऊन आहे तोवर पॅनेल बंद होत नाही, आणि करंट वाहत असताना कनेक्टर ओढला तर आर्क होऊन हात भाजतो. शिकलेसवरलेले हे विसरतात, हा विसरला नाही. मग एकेक पॅनेल मोजलं. पाचांचे ४४ आणि एकाचे साडेएकोणतीस.

"याचा तिसरा हिस्सा गेला सर."

अगदी बरोबर. पॅनेलमागच्या जंक्शन बॉक्सात, म्हणजे वायरी जोडायच्या डबीत, तीन बायपास डायोड असतात, पॅनेलच्या एकेका तिसऱ्या भागाला एक. एक शॉर्ट झाला की तेवढा तिसरा भाग बाद. इन्व्हर्टर तसाही चालला असता, आणि घरच्या काकूंना वर्षानुवर्षं कमी युनिट मिळत राहिले असते. पॅनेल वॉरंटीत बदललं. टेस्ट रिपोर्टवर सही साहेबांची.

सोलर बसवायचं सरकारी सूर्यमित्र प्रशिक्षण फुकट आहे, पण त्याला दहावी आणि वर आयटीआय लागतो. पोरानं बाहेरून दहावी द्यायचा १७ नंबरचा फॉर्म भरलाय. दहावी, मग इलेक्ट्रिशियनची दोन वर्षं. एक कोटी घरांच्या छतावर सोलर बसवायची पीएम सूर्यघर योजना २०२४ साली आली, तिची मुदत २०२६-२७ पर्यंतच. ज्या कामातून या वस्त्यांमधली पोरं उभी राहू शकतात, ते याचे कागद पुरे होईस्तोवर ओसरलेलं असेल. याचा मला राग येतो.

अनुभव तपासून प्रमाणपत्र देण्याची, आरपीएलची, सोय आहे. त्यासाठी मी ऑफिसकडे त्याचं अनुभवाचं पत्र मागितलं. आलं: 'हेल्पर, सामान चढवणे-उतरवणे.' ते मी परत पाठवलंय, त्या दुपारची सहाही रीडिंग सोबत जोडून.