कानातलं पालथं करून बघताना

दांडिया बाजारातल्या काकूंनी आल्या आल्या कापडी पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. तीन जोड कानातली आणि प्रत्येकाबरोबर एक छापील चिठ्ठी. "अगं, सुनेनं कॅनडाहून पाठवलेत. कुठल्या देशातल्या कारागिरानं केलेत ते चिठ्ठीत लिहिलंय म्हणे. हळदीकुंकवाला बायका विचारणारच. खरं काय नि खोटं काय, तेवढं सांगून टाक." शिवाय रुमालाच्या गाठीत सासूबाईंच्या मोत्यांच्या कुड्या होत्या. "आलेच आहे तर याही बघ."

मी बडोद्यात रत्नं तपासते. गिऱ्हाईक दागिना समोरून बघतं, मी आधी पालथा करते. फिरकी, आकडा, मण्याचं भोक, खड्यामागची जागा. करणाऱ्याचा हात तिथे कळतो.

पहिला जोड जयपुरी कुंदनाचा. भिंगाखाली धरले तर लाल खड्यांच्या आत गोल गोल बुडबुडे, म्हणजे सरळ काच. मागे डांक, म्हणजे चकाकणारा पातळ पत्रा, असल्यामुळे माणकासारखं पाणी दिसत होतं, इतकंच. काकूंचा चेहरा पडला. पण मागच्या बाजूला हिरव्या-लाल मिन्यात काढलेली वेल इतकी रेखीव होती, की मी त्यांनाच भिंग दिलं. कानाला लागून राहणारी बाजू, कुणाच्या नजरेला पडायची नाही, आणि तिथे एक पान चुकलेलं नाही. खड्याभोवती शुद्ध सोन्याचा पत्रा हातानं दाबून बसवलेला, आत लाख. "गरम पाण्यात बुडवू नका," एवढं बजावलं.

दुसरा 'तिबेटी फिरोजा'. चांदीकाम अस्सल हातचं, एका फुलावरचे रवे दुसऱ्यासारखे नव्हते. खडा मात्र संशयास्पद, कारण निळा रंग बारीक भेगांमध्ये जास्त साचलेला. काकूंची परवानगी घेऊन खड्याच्या मागच्या बाजूवर अ‍ॅसिटोनचा बोळा हलकेच फिरवला, तर बोळा निळा झाला. हाउलाइट नावाचा पांढरा दगड रंगवून फिरोजा म्हणून खपवतात, त्याच जातीतलं हे काहीतरी. खोटा खडा आणि खरा कारागीर एकाच दागिन्यात सुखानं नांदत होते. गिऱ्हाइकांना हे पटवणं सगळ्यात अवघड. त्यांना अख्खा दागिना तरी खरा हवा, नाहीतर अख्खा खोटा.

कुड्यांनी काकूंना खरा धक्का दिला. एका कुडीतल्या दोन मोत्यांच्या भोकात गाभा आणि वरचा थर यांच्यामधली गडद रेघ स्पष्ट दिसली. कल्चर्ड, म्हणजे शिंपल्यात गाभा घालून मुद्दाम वाढवलेले. कधीतरी दुरुस्तीत बदललेले असणार. बाकीच्यांसाठी एक्स-रे लागेल, असं सांगितलं. "आमच्या सासूबाईंचे बसऱ्याचे मोती!" काकू उसळल्या. बसऱ्याचे म्हणजे आखातातले नैसर्गिक मोती. बडोद्यात मोत्यांबद्दल जपूनच बोलावं लागतं. खंडेराव महाराजांनी १८६५ साली मोत्यांचा गालिचा करून घेतला, तेव्हापासून इथल्या प्रत्येक जुन्या घरातले मोती बसऱ्याचेच असतात.

उरला तिसरा जोड. लालसर अकीकाचे लांबट मणी, चिठ्ठीवर 'आफ्रिकेची पारंपरिक कला'. यंत्रावर वक्रीभवनांक, म्हणजे दगडात उजेड किती वळतो त्याचा आकडा, १.५४ च्या आसपास, दगड अस्सल. मी ते लिहून घेत होते, तेवढ्यात खंबातहून अकीकाचे मणी घेऊन येणारे भाई दारात उभे राहिले. वय झालंय, जिना चढले की बराच वेळ खोकतात. अकीक घासताना उडणारी धूळ फुप्फुसात बसते, सिलिकोसिस होतो. त्या धंद्यातल्या कितीतरी घरांत तो आहे.

त्यांनी न विचारताच मणी उचलला, उजेडाकडे धरून भोकातून पाहिलं. "बेन, आ तो अमारुं काम छे." मग बोटानं दाखवलं: भोक दोन्ही टोकांकडून पाडलेलं, मध्ये जिथे गाठ पडते तिथे किंचित पायरी. हिऱ्याच्या टोकाचं गिरमिट कमानीनं फिरवून असंच पाडतात. त्याआधी रतनपूरचा मातकट दगड महिनोन् महिने उन्हात ठेवायचा, मडक्यात भाजायचा, म्हणजे आतलं लोह लाल रंग धरतं. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकाशी दगड धरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनं ठोकत घडवायचा.

खंबातचा माल शतकानुशतकं जहाजांनी पूर्व आफ्रिकेला जायचा, त्यामुळे तिथून फिरून कॅनडामार्गे परत आला असेल तर नवल नाही. पण जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइन गावानंही आफ्रिकेसाठी असेच मणी घडवले, ब्राझीलच्या दगडाचे. म्हणून अहवालात मी 'नैसर्गिक अकीक' एवढंच लिहिलं.

"अगं, खंबात लिही की! दीड-दोन तासांवरचं गाव," काकू म्हणाल्या.

"काकू, यंत्र गाव सांगत नाही."

"हे भाई सांगतायत ना!"

त्यांचं म्हणणं मला मनातून पटलं होतं. तरी लिहिलं नाही. माझ्या सहीखाली भाईंची नजर कशी घालू?

"केटलामां लीधा?" भाईंनी विचारलं. काकूंनी चिठ्ठीवरचे पंचेचाळीस डॉलर वाचून दाखवले. भाई काही बोलले नाहीत. पिशवीतून तसल्याच मण्यांची एक माळ काढून टेबलावर ठेवली. काकूंनी ती गळ्याशी धरून आरशात पाहिली, कामाची तोंडभरून तारीफ केली, किंमत विचारली आणि सवयीनं निम्मी करून मागितली.

भाई एक रुपयाही खाली आले नाहीत.