फॅन तर फिरतोय

मे महिन्यात भुसावळला गॅरेज चालवायचं म्हणजे तापलेल्या गाड्या रोजच्याच. पारा ४५ च्या पुढे सरकला की हायवेवरून टो करून आणलेल्या, वाटेत बाटल्याच्या बाटल्या पाणी ओतलेल्या गाड्या दारात लागतात. बहुतेकींचं कारण लवकर सापडतं. होज, म्हणजे पाण्याचा रबरी पाइप, फुटलेला असतो, वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, गळत असते, नाहीतर एसीचा कंडेन्सर आणि इंजिनचं पाणी गार करणारा रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जिनिंगची रुई आणि धूळ गच्च बसलेली असते. रावेरकडून आलेली ही गाडी वेगळी होती. तिची सगळी दुरुस्ती झालेली होती आणि तरीही ती गरम होत होती.

गाडी केळीचा बाग असलेल्या एका काकांची. चार दरवाजांची डिझेल गाडी, निगा चांगली राखलेली. धुळ्याला भाचीचं लग्न तोंडावर आलं होतं. काकांनी बिलांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सगळं बदललं भो, पण काटा काही खाली येऊ नाही राह्यला. आता म्हणतात हेड उतरवा."

पिशवीत सगळा इतिहास होता. नवा रेडिएटर. नवी वॉटर बॉडी. थर्मोस्टॅटचा वॉल्व, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, काढून टाकलेला. आणि आता हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्या मधलं सील, आणि हेड घासून सपाट करायचं फेसिंग. मोठ्या खर्चाचं काम. ज्यांनी हे केलं त्यांची कामं वाईट नव्हती. क्लॅम्प नीट आवळलेले होते, कुठे गळती नव्हती.

गाडी गरम होते म्हटल्यावर मी पाना उचलत नाही, विचारायला लागतो. कधी गरम होते? उभी असताना की पळताना? एसी लावल्यावर की तसंही? आपल्याकडे हे विचारायचा कंटाळा फार. खरं तर निम्मं निदान तिथेच होतं. गर्दीत, रेल्वे फाटकाला उभी असताना तापमानाचा काटा चढतो आणि रस्त्याला लागल्यावर उतरतो, तर दोष बहुतेक फॅनचा. कारण उभ्या गाडीला हवा फक्त फॅन देतो आणि पळत्या गाडीला ती समोरून आपोआप मिळते. उभी असताना ठीक आणि हायवेवर भारात काटा चढतो, तर पाणी कमी फिरतंय, म्हणजे रेडिएटर चोक किंवा वॉटर बॉडी कमजोर. आणि सकाळी गार गाडी चालू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर सिलेंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय, हेड गॅस्केट गेलं.

काकांची गाडी दुसऱ्या प्रकारात बसत होती. गावात ठीक, हायवेवर साठ-सत्तरला एसी लावून निघालं की काटा वर, थांबलं की हळूहळू खाली. म्हणून आधीच्या गॅरेजवाल्यांनी रेडिएटर आणि वॉटर बॉडीवर बोट ठेवलं, ते समजण्यासारखं आहे.

काकूही आल्या होत्या, माहेरच्या बस्त्याच्या पिशव्या घेऊन. त्या मागच्या सीटवरून म्हणाल्या, "एसीचंही बघा ना. गाडी उभी राह्यली का गरम हवा फेकतो. गॅस भरून आणला, तरी तसंच." काका म्हणाले, एसीचं नंतर बघू, आधी इंजिन वाचव. मी मात्र ते डोक्यात ठेवलं. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसतो आणि दोघांना एकच फॅन हवा देतो.

गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी गार असताना रेडिएटरची कॅप उघडली. गरम गाडीची कॅप कोणी उघडू नये, हे मी प्रत्येकाला सांगतो. या गाडीच्या कॅपवर १.१ लिहिलेलं असतं, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा १.१ बार जास्त प्रेशर आत धरून ठेवलेलं असतं. त्या प्रेशरमुळे कूलंट सव्वाशे अंशांपर्यंत उकळत नाही. कॅप फिरवली की प्रेशर सुटतं आणि आतलं सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. भाजलेले हात-चेहरे मी पाहिले आहेत.

आत रेडिएटर नवा असूनही पांढरा थर दिसायला लागला होता. बोअरचं पाणी. आपल्या भागातलं विहिरी-बोअरचं पाणी क्षाराचं असतं, ते गाडीत टाकलं की आत दगड तयार होतो. गाडी चालू केली, बुडबुडे नाहीत. गॅस तपासायचं निळं रसायन कॅपच्या जागी लावलं, इंजिन गरम होऊ दिलं. आत गॅस येत असता तर डिझेल गाडीत ते हिरवं पडलं असतं. निळंच राहिलं. हाताच्या पंपाने प्रेशर भरून ठेवलं, पंपाचा काटा जागचा हलला नाही. हेड उतरवायचा प्रश्न तिथे संपला.

मग आधी वॉल्व बसवला. गाडी गरम होते म्हणून वॉल्व काढून टाकायची पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की लोकांना तो उपायच वाटतो. वॉल्व काढला की इंजिन कामापुरतं लवकर तापत नाही, डिझेल जास्त खातं, आणि काही इंजिनांत तर बायपास, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत फिरवणारी वाट, उघडाच राहून रेडिएटरला उलट कमी पाणी जातं. शिवाय वॉल्वशिवाय घेतलेल्या मोजणीवर विश्वास ठेवता येत नाही. नवा वॉल्व पातेल्यात, पाण्यात थर्मामीटर सोडून, उकळायला ठेवला. ८२ ला उघडायला लागला. तोच बसवला.

दुपारी अडीचला, ऊन डोक्यावर असताना, गाडीच्या कंप्युटरमधलं तापमान दाखवणारा स्कॅनर लावून नशिराबादच्या दिशेने निघालो. काका शेजारी, एसी फुल्ल. शहरात ९३. हायवेला लागलो, ९८, १०२, १०५. काका काट्याकडे बघत गप्प. कडूनिंबाच्या सावलीला गाडी घेतली, इंजिन चालू ठेवलं, बोनेट उघडलं आणि टेम्परेचर गनने दोन्ही होज मोजले. इंजिनातून गरम पाणी आणणारा वरचा १०३, ते परत नेणारा खालचा ९८.

हे आकडे बघून पुढचं मला बरंचसं कळलं. पाणी अडत असतं तर खालचा होज बराच गार लागला असता, कारण रेडिएटरमध्ये रेंगाळलेलं पाणी गार होऊनच बाहेर पडतं. इथे पाणी भराभर येत होतं आणि जवळजवळ तसंच गरम परत जात होतं. म्हणजे रेडिएटरला पाणी मिळत होतं, हवा मिळत नव्हती. जाळीतून आरपार उजेड दिसत होता, रुई नाही, माती नाही. आणि फॅन जोरात फिरत होता.

"फॅन तर फिरतोय," काका म्हणाले. सगळे हेच म्हणाले असणार.

मागच्या सीटवर पेपर पडला होता. त्याचं एक पान घेऊन ग्रिलसमोर धरलं. फॅन हवा आत ओढतो, त्यामुळे कागद ग्रिलला चिकटून बसायला हवा. पान माझ्या हातावर उलटं फडफडलं आणि सोडल्याबरोबर उडून रस्त्यावर गेलं. काकांनी स्वतः दुसरं पान धरून बघितलं. तेही उडालं. मग चावी बंद केली आणि पात्यांकडे बघत राहिलो. वेगात सगळं धुरकट दिसतं, दिशा कळत नाही. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत कळते. पाती उलटी फिरत थांबली.

मी विचारलं, "काका, गरम व्हायच्या आधी गाडीचं शेवटचं काम कोणतं केलं होतं?" आठवून म्हणाले, डिसेंबरात फॅन बंद पडला होता, वायर जळाली होती, एकाने जागेवर डायरेक्ट करून दिला. सगळं तिथे होतं. रिलेची, म्हणजे फॅनचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचची, बैठक जळाली म्हणून चावीवरून थेट वायर ओढली, मूळ कनेक्टर कापला, दोन वायरी पिळून त्यावर टेप गुंडाळली. त्यात प्लस-मायनस अदलाबदल झाली. ही मोटर डीसी. वायरी उलट्या लावल्या तरी ती बंद पडत नाही, उलटी फिरते.

उलटा फॅन इंजिनची गरम हवा रेडिएटरमधून पुढे ढकलतो. गाडी उभी असताना इंजिनला भार नसतो, तेवढ्यात कसंबसं भागतं. एसीचं मात्र भागत नाही, त्याच्या कंडेन्सरवर गरम हवेचा मारा होतो; काकूंची तक्रार नेमकी तीच होती. हायवेवर समोरून येणारी हवा आणि फॅनची हवा एकमेकींना अडवतात, आणि भार तर वाढलेला असतो.

काकांना पटत नव्हतं ते एकच: डिसेंबरचं काम आणि गरम व्हायला लागली एप्रिलात, हे कसं? रेडिएटर किती उष्णता टाकतो हे त्याच्यातल्या पाण्याच्या आणि बाहेरच्या हवेच्या फरकावर ठरतं. पाणी ९५ आणि हवा २० असेल तर फरक ७५. हवा ४५ झाली की फरक ५० वर येतो, म्हणजे तोच रेडिएटर एक तृतीयांश कमी काम करतो. थंडीत हा दोष झाकला गेला, उन्हाने उघडा पाडला. काकांनी हे बोटांवर मोजून बघितलं आणि मान हलवली.

गॅरेजवर आणून नवी रिले आणि बैठक बसवली, कापलेल्या ठिकाणी कनेक्टर लावला, फॅनचा ताबा पुन्हा कंप्युटरकडे दिला. बोअरचं पाणी काढून, आतून धुऊन, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरलं. कागद ग्रिलला असा चिकटला की सोडवावा लागला.

दुसऱ्या दुपारी त्याच रस्त्याने, तेवढ्याच उन्हात, पार जळगावच्या अलीकडेपर्यंत जाऊन आलो. ९४ च्या वर गेली नाही. गॅरेजसमोर उभी असताना फॅन एकदम थांबला तसे काका दचकले. "बंद पडला भो!" त्यांना पाच महिने सतत फिरणाऱ्या फॅनची सवय झाली होती. म्हटलं, आता बघत राहा. एसी बंदच ठेवला होता. थोड्या वेळाने स्कॅनरवर ९६ आलं आणि फॅन आपोआप सुरू झाला, ९१ ला थांबला. असं दोन-तीनदा बघितल्यावर त्यांचा जीव खाली आला. काकू एसी लावून गाडीत बसून राहिल्या.

डिकीत हेड गॅस्केटचा सेट पडला होता, आधीच विकत घेऊन ठेवलेला, पाकीट न फोडलेला. बिल जपून ठेवलं होतं म्हणून बरं. लग्नाला जाताना जळगावला ज्या दुकानातून घेतला होता तिथेच त्यांनी तो परत केला, आणि एरंडोलच्या पुढे गेल्यावर फोन करून तेवढं सांगितलं.