टँकरचं वेळापत्रक, नोंद तिसरी: लोअर बाउंडच्या मागावर

मागच्या नोंदीत कच्च्या तेलाच्या टँकरचं मॉडेल जिथे सोडलं होतं, तिथून या वेळी बरंच पुढे सरकलं. प्रश्न तोच आहे: आखातातून भारतात इतक्या फेऱ्या व्हायच्या आहेत, तर कमीत कमी किती जहाजांत भागेल? सॉल्व्हर (असे प्रश्न सोडवणारं सॉफ्टवेअर) उत्तर देतो, पण याहून कमी जहाजांत भागूच शकत नाही हे, म्हणजे लोअर बाउंड, कुणी सांगायचं? मला या छंदात सगळ्यात जास्त गोडी आहे ती या दुसऱ्या प्रश्नाची.

ठरलेल्या तारखांचा प्रश्न तसा जुना. गणितज्ञ जॉर्ज डॅन्टझिग आणि डी. आर. फुल्करसन यांनी १९५४ मध्ये तो मांडून सोडवला. फेऱ्या आधीच पक्क्या आहेत. कोणत्या दिवशी कुठे भरायचं, कुठे उतरवायचं हे ठाऊक आहे. मग प्रत्येक जोडीसाठी एवढंच पाहायचं, की पहिली फेरी संपवून रिकामं जहाज दुसरीच्या भरणीला वेळेत पोचतं का. त्यांनी हे ट्रान्सपोर्टेशन प्रॉब्लेम (माल कुठून कुठे कमीत कमी खर्चात न्यायचा याचं गणित) म्हणून लिहिलं. आपण आज मॅचिंग, म्हणजे जोड्या जुळवण्याची पद्धत, लावतो: एकूण फेऱ्यांतून जास्तीत जास्त जुळणाऱ्या जोड्या वजा केल्या की जहाजांची संख्या हातात.

माझं छोटं उदाहरण असं. दिवस पूर्णांकात धरलेत: भरणी १ दिवस, उतरवणं २ दिवस, रास तनुराहून (सौदी अरेबिया) मुंबई किंवा वाडीनार (गुजरात) ४ दिवस, बसऱ्याहून (इराक) ५. परतीलाही तेवढेच.

फेरी अ रास तनुराला पहिल्या दिवशी भरते आणि मुंबईला उतरते. फेरी ब बसऱ्याला तिसऱ्या दिवशी भरते, वाडीनारला उतरते. फेरी क रास तनुराला बाराव्या दिवशी भरते, वाडीनारसाठी. फेरी ड बसऱ्याला पंधराव्या दिवशी भरते, मुंबईसाठी.

अ चं जहाज आठव्या दिवशी मोकळं होतं, बाराव्याला रास तनुराला किंवा तेराव्याला बसऱ्याला पोचतं. म्हणजे क किंवा ड, दोन्हींपैकी एक त्याला जमतं. ब चं जहाज अकराव्या दिवशी मोकळं होऊन बसऱ्याला सोळाव्या दिवशी पोचतं. ड एका दिवसाने हुकते. क तर त्याहून आधीची, आणि क व ड एकमेकींवर चढलेल्या. म्हणून ब, क, ड यांतल्या कोणत्याही दोन फेऱ्या एका जहाजाला करता येत नाहीत. तीन जहाजं लागणारच, यावर वाद नाही. गणितज्ञ रॉबर्ट डिलवर्थचं १९५० चं प्रमेय सांगतं की असा 'न जुळणाऱ्या' फेऱ्यांचा सर्वांत मोठा गट आणि लागणाऱ्या जहाजांची किमान संख्या नेहमी सारखीच निघते. पुरावा उत्तरासोबतच मिळतो, आणि तो चार ओळींत कुणालाही वाचून दाखवता येतो. मला हे फार सुंदर वाटतं.

आता ड एक दिवस पुढे, सोळाव्याला ढकला. अ नंतर क, ब नंतर ड. दोन जहाजं पुरे! एका दिवसाने अख्खा टँकर वाचला.

इथेच पुढचं काम सुरू झालं, कारण तारखा पक्क्या करतं कोण? त्या येतात टाकीतल्या पातळीवरून. म्हणून आता फेऱ्या दिलेल्या नाहीत. रिफायनरीचा साठा आणि रोजचा खप दिला आहे, तारखा मॉडेलनेच ठरवायच्या. माहुलच्या भारत पेट्रोलियम रिफायनरीची क्षमता वर्षाला १२० लाख टन, म्हणजे दिवसाला साधारण २.४ लाख बॅरल. तिथे मुंबई हायचं तेल पाइपलाइननेही येतं, म्हणून मी जहाजांवरच चालणारी एक काल्पनिक रिफायनरी घेतली: खप दिवसाला २ लाख बॅरल, सुरुवातीचा साठा १४ लाख, किमान ३ लाख, टाक्यांची मर्यादा १८ लाख. जहाज सुएझमॅक्स आकाराचं, १० लाख बॅरलचं. व्हीएलसीसी (अतिमोठा टँकर) त्याच्या दुप्पट नेतो, पण त्याला खोल पाणी लागतं; वाडीनारला किनाऱ्यापासून दूर तरंगत्या बोयावर तो रिकामा होतो, मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपाला पूर्ण भरलेला लागत नाही.

हे मॉडेल पायथनमधून हायज (HiGHS) सॉल्व्हरला दिलं. चांगलं वेळापत्रक पटकन येतं, पण लोअर बाउंड तळाशीच बसून राहतो. कारण उघडं आहे. बाउंड काढायला पूर्णांकाची अट सैल केली की सॉल्व्हर जहाजाचे तुकडे करतो. सहाव्या दिवसाअखेर १२ लाख खप, वापरता येण्याजोगा साठा ११ लाख, तूट १ लाख; तेवढ्यासाठी तो ०.१ जहाज पाठवतो आणि खर्चही तेवढाच धरतो.

यावरचा उपाय हाताने करता येतो आणि तो जबरदस्त चालतो. तूट भागिले जहाजाची क्षमता, आणि वर पूर्णांक. सहाव्या दिवसापर्यंत ०.१, म्हणजे किमान १ आगमन. अकराव्यापर्यंत तूट ११ लाख, १.१, म्हणजे किमान २. अशी एक-एक ओळ, म्हणजे अट, प्रत्येक दिवसासाठी मॉडेलमध्ये घातली. वरच्या बाजूनेही तसंच: टाकीत १० लाखांची जागा व्हायला साठा ८ लाखांवर यावा लागतो, तो तिसऱ्या दिवसाअखेर येतो. म्हणजे पहिल्या जहाजाला चौथा ते सहावा एवढीच खिडकी. शिपिंगमधली मंडळी भरणीसाठी दोन-तीन दिवसांचा ले-कॅन (जहाजाने हजर व्हायची मुदत) देतात, तसाच हा उतरवण्याच्या बाजूचा निघाला, आणि तोही फक्त बेरीज-वजाबाकीतून.

या ओळींनी गॅप (सापडलेलं उत्तर आणि लोअर बाउंड यांतलं अंतर) दोन अंकी टक्क्यांवरून एक अंकी झाला. एकसारख्या जहाजांना क्रम लावला (पहिलं जहाज नेहमी आधी निघणार, मग दुसरं), तेव्हा आणखी उतरला. दोन रिफायनऱ्या आणि महिनाभराच्या आखणीला आता तो शून्यावर येतो. तिसरी रिफायनरी घातली की पुन्हा अडतो, कारण तूट बंदरागणिक मोजली तरी जहाजं सामाईक आहेत. ती ओढाताण या ओळींना दिसत नाही. डिलवर्थच्या गटासारखं काहीतरी खिडक्यांवरही बांधता येईल असं माझं मत आहे: ज्या आगमनांच्या खिडक्या कशाही सरकवल्या तरी एका जहाजात बसत नाहीत, त्यांचा गट शोधायचा. त्याचा कोड अर्धा झालाय.

नंतर वेग. इंधनाचा रोजचा खर्च ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणून १४ नॉटऐवजी १२ नॉटने गेलं तर तेवढ्याच अंतराला सुमारे २७ टक्के इंधन कमी लागतं, पण फेरी लांबते आणि वरच्या ब-ड सारखी एखादी जोडी तुटते. तीन ठरावीक वेग देऊन हे रेषीयच ठेवणार आहे. त्यानंतर जॉर्ज नेमहाउझर आणि सहकाऱ्यांच्या एमआयआरपीलिब या संग्रहातलं (जहाजं आणि साठा यांची एकत्र आखणी करण्याची चाचणी-उदाहरणं) सर्वांत लहान उदाहरण घेऊन माझ्या ओळी तिथे किती टिकतात ते बघेन.