जुलै ते जानेवारी : दोन शाळांच्या मधले बेळगाव

इंग्लंडमधल्या बहुतेक शाळांत शिक्षकाला मनात येईल तेव्हा राजीनामा देता येत नाही. ३१ ऑक्टोबरपर्यंत दिला तर नोकरी डिसेंबरअखेर संपते, फेब्रुवारीअखेर दिला तर एप्रिलअखेर, आणि ३१ मेपर्यंत दिला तर ३१ ऑगस्टला. या शेवटच्या प्रकारात शाळा जुलैमध्येच बंद झाली तरी ऑगस्टचा पगार मिळतो. ऑस्ट्रेलियाला जाऊ पाहणारे शिक्षक आधी व्हिसाची चौकशी करतात. माझ्या मते आधी या तीन तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्यात, कारण पुढच्या साऱ्या गोष्टी, म्हणजे कागदपत्रे, मुलाखती, पगाराचा खंड आणि कोणता वर्ग अर्ध्यावर सोडायचा हा प्रश्न, त्यांच्याभोवतीच फिरतात.

ऑस्ट्रेलियात शालेय वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होते आणि नाताळापूर्वी संपते. साधारण दहा-दहा आठवड्यांची चार सत्रे असतात. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये राजीनामा, डिसेंबरमध्ये निरोप आणि जानेवारीत नवी शाळा हा हिशेब कागदावर अगदी चोख बसतो, आणि अनेक जण तसेच करतात. मी इंग्लंडमध्ये गणित शिकवत होते आणि आता ऑस्ट्रेलियाला निघाले आहे, पण मला तो मार्ग पटला नाही. माझ्याकडे अकरावीचा एक वर्ग होता, जीसीएसई या सोळाव्या वर्षी होणाऱ्या शालान्त परीक्षेच्या फाउंडेशन, म्हणजे सोप्या स्तराचा. तिथे गणिताच्या तीन प्रश्नपत्रिका असतात, प्रत्येकी ८० गुणांच्या आणि दीड तासाच्या, आणि पहिलीत कॅल्क्युलेटर वापरता येत नाही. परीक्षा मे-जूनमध्ये होते. ज्या मुलांना ४ ही श्रेणी मिळत नाही, त्यांना वयाच्या सोळाव्या वर्षानंतरही गणिताचा पिच्छा सोडवता येत नाही. पुढच्या अभ्यासक्रमाबरोबर तो विषय करावाच लागतो. असा वर्ग नाताळात कुणा बदली शिक्षकाच्या हवाली करून विमानात बसणे मला जमण्यासारखे नव्हते. म्हणून मी मे महिन्यात राजीनामा दिला, मुलांचे पेपर होऊ दिले, जुलैमध्ये शाळा सोडली आणि जानेवारीपर्यंत बेळगावला आले.

इथे आल्यावर तिसरेच वेळापत्रक समोर आले. आमच्या शाळा जूनपासून सुरू असतात आणि सहामाही सुट्टी दसऱ्याला मिळते. माझ्या बहिणीची मुले कागलला, म्हणजे निपाणीपासून हाकेच्या अंतरावर, पण सीमेपलीकडे शिकतात. त्यांची सुट्टी दिवाळीला. त्यामुळे भावाची आणि बहिणीची मुले एकाच वेळी मोकळी आहेत असे आमच्या घरात फार क्वचित घडते. शाळेच्या तारखा घराचे किती काही ठरवतात, हे सीमाभागातल्या माणसाला कुणी निराळे शिकवावे लागत नाही.

शेजारच्या काकूंचा प्रश्न मात्र साधा होता : "एवढं इंग्लंड सोडून आणि तिकडं कशाला जातीस गं?" यजमानांच्या कंपनीचे काम मेलबर्नला आहे, हे मी त्यांना दिलेले उत्तर खोटे नाही, पण पुरेसेही नाही. माझी इंग्लंडमधली शाळा अकरा ते सोळा वयाच्या मुलांची होती. तशा शाळा तिथे पुष्कळ आहेत. सोळाव्या वर्षी मूल दुसऱ्या महाविद्यालयात जाते आणि त्याच्यासोबत कलनशास्त्र, सदिश, संभाव्यतेचा पुढचा भाग हे सगळेही निघून जाते. बी.एस्सी.ला जे गणित आवडीने केले, ते फळ्यावर लिहिण्याची संधी मला दहाएक वर्षांत जवळपास मिळाली नाही. व्हिक्टोरिया राज्यातल्या माध्यमिक शाळा साधारणपणे सातवी ते बारावी अशा असतात, आणि शेवटच्या दोन वर्षांत जनरल मॅथेमॅटिक्स, मॅथेमॅटिकल मेथड्स आणि स्पेशालिस्ट मॅथेमॅटिक्स असे चढत्या अवघडपणाचे विषय घेता येतात. मला मेथड्स शिकवायचे आहे. समुद्र आणि ऊन यांची छायाचित्रे दाखवून शिक्षक भरती करणाऱ्या संस्थांच्या जाहिराती मी पाहिल्या आहेत. त्या पाहून कुणी निघू नये, एवढेच म्हणेन. कामाचे तासही काही फार कमी होत नाहीत. ओईसीडी या देशांच्या गटाने शिक्षकांविषयी २०१८ मध्ये केलेल्या टॅलिस पाहणीत माध्यमिकच्या खालच्या वर्गांना शिकवणाऱ्या शिक्षकांचा आठवडा इंग्लंडमध्ये ४६.९ तासांचा, तर ऑस्ट्रेलियात ४४.८ तासांचा निघाला होता, आणि सहभागी ओईसीडी देशांची सरासरी ३८.८ होती.

आता कागदपत्रांविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या तरुण शिक्षकांचे प्रश्न मुख्यतः त्याविषयीच असतात. इंग्लंडमध्ये मिळालेला क्यूटीएस हा पात्र शिक्षकाचा दर्जा ऑस्ट्रेलियात आपोआप लागू होत नाही. स्थलांतरासाठी शिक्षकांच्या पात्रतेची तपासणी एआयटीएसएल ही संस्था करते, आणि ती तुम्ही काल कुठे शिकवत होता यापेक्षा मुळात काय आणि किती शिकलात ते पाहते. शिक्षक प्रशिक्षण धरून किमान चार वर्षांचे उच्च शिक्षण हवे. माझी तीन वर्षांची पदवी आणि त्या काळचे एका वर्षाचे बी.एड. मिळून जेमतेम चार भरली. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले असल्याने आताच्या मुलांना ही धाकधूक नाही.

खरी अडचण आली ती सराव पाठांची. प्रशिक्षणकाळात मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली किमान ४५ दिवस प्रत्यक्ष वर्गात शिकवल्याचा पुरावा तिथे लागतो, आणि आपल्याकडे बी.एड.ला सगळा हिशेब दिवसांचा नसून पाठांचा असतो. इतके सराव पाठ, इतकी निरीक्षणे, इतकी टाचणे. दिवस कुणी मोजले? महाविद्यालयातल्या जुन्या लिपिकांनी कपाटाच्या तळातून त्या वर्षीचे हजेरी बुक काढले. जाड पुठ्ठ्याचे, कडा वाळवीने खाल्लेल्या, आणि आत प्रत्येक छात्रशिक्षकापुढे शाळेचे नाव व तारखा लाल शाईत. त्यावरून दिवस मोजले गेले, प्राचार्यांनी संस्थेच्या पत्रावर तसे लिहून दिले आणि काम झाले. ज्यांचे बी.एड. आत्ता चालू आहे त्यांनी हे पत्र निकालासोबतच मागून घ्यावे. पुढे महाविद्यालय बंद पडले किंवा ते लिपिक निवृत्त झाले, तर कुणाकडे जाणार?

आमच्या वेळी बेळगावची महाविद्यालये कर्नाटक विद्यापीठाशी संलग्न होती. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये आले. त्यामुळे माझ्या पिढीच्या प्रत्येकाला गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रतींसाठी कित्तूरवरून धारवाड गाठावे लागते. नावाचे प्रकरण आणखी निराळे. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पदवीवर माझे नाव आधी, पासपोर्टवर लग्नानंतरचे आडनाव, आणि जन्मगाव एका कागदावर बेलगाम तर २०१४ च्या नोव्हेंबरनंतरच्या कागदांवर बेळगावी. कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसणाऱ्या टंकलेखकाने माझे चार कागद शेजारी शेजारी मांडले, चष्मा कपाळावर सरकवला आणि न विचारता प्रतिज्ञापत्र टंकायला घेतले. असे कागद त्यांच्यापुढे रोज येत असावेत.

इंग्रजीची परीक्षाही द्यावी लागली, हे सांगितले की लोक हसतात. इंग्लंडमध्ये शिकवलेली वर्षे त्यासाठी धरत नाहीत. ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियात चार वर्षांचे उच्च शिक्षण झाले असेल तरच सूट मिळते. शैक्षणिक प्रकारच्या आयेल्ट्समध्ये वाचन व लेखनाला ७ आणि श्रवण व संभाषणाला ८ हवेत. संभाषण व श्रवण आम्हा शिक्षकांना जड जात नाही. लेखनात मात्र चांगल्या चांगल्यांची दांडी उडते, कारण गणिताचे शिक्षक वर्षानुवर्षे सलग दोन परिच्छेदही लिहीत नाहीत.

राज्याची नोंदणी ही त्यापुढची वेगळी पायरी आहे. व्हिक्टोरियात ती व्हीआयटी करते, न्यू साउथ वेल्समध्ये नेसा, क्वीन्सलँडमध्ये तिसरीच संस्था. व्हिसासाठी मी १९० हा वर्ग निवडला. त्यात राज्याने नामांकन दिले की व्हिसासाठी मोजल्या जाणाऱ्या गुणांत ५ गुण वाढतात.

मुलाखत सप्टेंबरात झाली. मेलबर्नचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आपले पहाटेचे पाच. बाहेर पाऊस, घरात गणपती, आणि आदल्या रात्रीपासून वीज ये-जा करत होती, म्हणून दादाने इन्व्हर्टरची वायर माझ्या टेबलापर्यंत ओढून दिली होती. इंग्लंडमध्ये मुलाखतीच्या दिवशी शाळेत बोलावतात, अनोळखी वर्गावर पाठ घ्यायला लावतात आणि मुलांनाही नंतर मत विचारतात. इथे पाठ नव्हता. आधी निवडीच्या निकषांवर लेखी उत्तरे पाठवायची आणि मग तिघांच्या समितीने त्यावरच खोदून विचारायचे. मला विचारले गेले की एका वर्गात तीन वेगवेगळ्या पातळ्यांची मुले असतील तर समीकरणांचा पहिला तास कसा रचाल. पाठ पाहून शिक्षक निवडण्याची पद्धत मला जास्त न्याय्य वाटते. बोलता येणे आणि शिकवता येणे यांत अंतर आहे, आणि ते पाठात दहा मिनिटांत कळते. पण पहाटे पाच वाजता बेळगावातून ही बिनपाठाची मुलाखतच माझ्या पथ्यावर पडली, हेही खरे.

पैशांविषयी दोनच गोष्टी. इंग्लंडमधले शिक्षकांचे निवृत्तिवेतन सरकारी योजनेतले असते. किमान दोन वर्षे सेवा झाली असेल तर हक्क तसाच राहतो, पण ती रक्कम उचलून ऑस्ट्रेलियातल्या सुपरअॅन्युएशन, म्हणजे निवृत्तिनिधीच्या खात्यात नेता येत नाही. ब्रिटिश सरकारचे वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी राष्ट्रीय विम्याची किमान १० वर्षे भरावी लागतात, आणि ऑस्ट्रेलियात वा भारतात राहून ते घेतले तर दरवर्षीची वाढ मिळत नाही, सुरुवातीचाच आकडा कायम राहतो. ज्यांची नऊ वर्षे झाली आहेत त्यांनी निघण्यापूर्वी हा हिशेब जरूर करावा.

पासपोर्टाचा प्रश्न आमच्या भागात जमिनीशी जोडलेला असतो. ब्रिटनमधला कायम वास्तव्याचा परवाना सलग दोन वर्षे बाहेर राहिल्यास जातो; नागरिकत्व घेतले तर ती भीती उरत नाही, पण भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. येळ्ळूरच्या शिवारात आमची थोडी भातजमीन आहे आणि परदेशी नागरिक झाल्यावर वडिलार्जित जमीन सरकारजमा होते अशी अफवा गावात पक्की रुजलेली आहे. तसे काही नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारे) असलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र येऊ शकते. मी तरी भारतीय पासपोर्टच ठेवला. त्याचे कारण जमीन नसून मला त्या देशात परतायचे नव्हते, हे आहे.

सध्या माझा वेळ पुतणीबरोबर जातो. ती दुसऱ्या पीयूसीला, म्हणजे बारावीला आहे, आणि तिची संकलनाची (इंटिग्रेशनची) उदाहरणे सोडवताना माझा गंज हळूहळू निघतो आहे. ती हाताने, पायरी पायरीने करते. व्हिक्टोरियात मेथड्सच्या एका परीक्षेत बैजिक राशी सोडवणारा, आलेख काढणारा सीएएस कॅल्क्युलेटर मुलांच्या हातात असतो आणि दुसरीत तो अजिबात चालत नाही, म्हणून मला दोन्ही पद्धती शिकवायच्या आहेत. त्या यंत्राची पुस्तिका मी छापून आणली आहे. नोंदणी मला तात्पुरती मिळाली आहे. म्हणजे या वयात पुन्हा एका मार्गदर्शक शिक्षकाच्या देखरेखीखाली पुरावे गोळा करून, ठरलेल्या मुदतीत पूर्ण नोंदणी मिळवायची. आईच्या आग्रहाने संक्रांत करून निघणार आहे. २६ जानेवारीला इथे प्रजासत्ताक दिनाचे झेंडावंदन होईल, तिकडे त्याच दिवशी ऑस्ट्रेलिया डेची सुट्टी असेल, आणि त्याच सुमारास, मुले येण्याआधी काही दिवस, शिक्षकांना शाळेत हजर व्हायचे आहे.