आमची वाटचाल : जाणारी मेल

१९९९ साली जळगावात कॉम्प्युटर नेटवर्कच्या कामासाठी गाळा घेतला तेव्हा आमचं भांडवल म्हणजे एक क्रिम्पिंग टूल आणि मेहुण्याची लुना. लुना गेली. टूल अजून टेबलावर आहे. मूठ सैल झालीय, पण नेटवर्क केबलचं आरजे-४५ टोक आजही नव्या मालापेक्षा घट्ट बसवतं.

मधली वर्षं राहू द्या. मंगळवार, २७ जानेवारी २००४. आदल्या दिवशी झेंडावंदनाची सुट्टी. एमआयडीसीतल्या दालमिलमध्ये बिलिंगच्या पोराने सकाळी एक अटॅचमेंट उघडली. मायडूम, मेलमधून पसरणारा किडा. अँटिव्हायरसला त्याचं अपडेट अजून आलेलं नव्हतं. आम्ही येणारी मेल तपासायचो. जाणारी आपलीच, तिच्यात काय असणार, अशी आमची मिजास. त्यात हा किडा स्वतःच मेल पाठवायचा, सर्व्हरला विचारतच नव्हता. दोन दिवसांत मिलचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, स्पॅमवाल्यांच्या काळ्या यादीत आणि व्यापाऱ्यांना गेलेली कोटेशनं परत.

जेवणाच्या सुट्टीत सगळे कॉम्प्युटर रिकामे, तरी हबवरचा, म्हणजे सगळ्यांच्या केबली जुळतात त्या डब्यावरचा, सात नंबरचा दिवा थांबेना. केबल उपटली, तेव्हा चोर सापडला.

तोवर शहरातल्या एका दुकानदाराने बोभाटा केला होता की व्हायरस आम्हीच पेरला, एएमसी (वार्षिक देखभालीचं कंत्राट) वाढवायला! तीन गिऱ्हाइकं तुटली. मेहुणा म्हणाला, शटर ओढू. दालमिलचे शेठ अमळनेरकडचे, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले, म्हणाले, "तू कर तुनं काम, मी आठेच बठेल शे." रात्री शेतावरचं भरीत आणि कळण्याची भाकरी तिथेच आली.

पहाटेपर्यंत आयपीटेबल्सचा, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलचा, नियम बसला : मेल जाते त्या पोर्ट २५ वरून बाहेर जाईल तो फक्त मेल सर्व्हर, बाकी सगळे ड्रॉप. सर्व्हरवर मेल पोचवणारा पोस्टफिक्स, त्यामागे व्हायरस तपासणारे अमाविस आणि क्लॅमएव्ही, जाणाऱ्या मेललाही. मग आयकारची ६८ अक्षरांची चाचणी फाइल (निरुपद्रवी, पण अँटिव्हायरसने पकडायलाच हवी अशी) जोडून मेल पाठवली. अडली. शेठ खुर्चीतच घोरत होते.

विचारलं नाहीत तरी सांगतो. 'तुमच्या मेलमध्ये व्हायरस सापडला' हे उत्तर पाठवणाऱ्याला आपोआप जात असेल तर आधी बंद करा. किडा 'फ्रॉम'मध्ये भलत्याचंच नाव घालतो. आमच्या सर्व्हरने निरपराध माणसांना असे दम भरले आणि शिव्या मी खाल्ल्या. पासवर्डवाली झिप स्कॅनरला उघडत नाही, ती अडवून ठेवा. आणि लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, बघा हो, रोज.

त्या दुकानदाराने पुढे तोच एका ओळीचा नियम 'मेल सिक्युरिटी' म्हणून वेगळे पैसे लावून विकला. आमच्या बिलात तो अजूनही एएमसीतच आहे.